पाहुण्याच्या जखमेचा हिशेब



या व्याख्यानमालेचे निमंत्रण घेऊन चालक मंडळी आली तेव्हाच आम्ही त्यांना स्पष्ट सांगितले होते की, आम्ही काही विद्वान नव्हे. दहावीच्या परीक्षेत गणिताने आम्हांला उंबरठ्यावरच अडविले. पुढे जे काही शिकलो ते जिनिंगच्या दारात, कोर्टाच्या व्हरांड्यात आणि वकिलांकडून मागून आणलेल्या जुन्या पुस्तकांत. आज मात्र आमच्या भाषणात आकडेमोडच फार आहे, म्हणजे गणिताने आमचा सूड पुरता उगवला असे म्हणावयाचे! तेव्हा कंटाळा आला तर दोष त्या विषयाला द्यावा, आम्हांला देऊ नये.

आपल्या वऱ्हाडात 'परदेशी' हा शब्द मोठा गमतीचा आहे. गंगायमुनेकडून येऊन येथे तीन-तीन पिढ्या राहिलेल्या कुटुंबाला आपण अजून परदेशी म्हणतो. त्यांची मुले आपल्या मुलांबरोबर शाळेत जातात, आपल्यापेक्षा शुद्ध वऱ्हाडी बोलतात, तरी ते परदेशीच. उलट लोणारचे सरोवर पाहावयास खरोखरच सात समुद्र ओलांडून जो गोरा माणूस येतो, त्याला आपण 'पाहुणा' म्हणतो आणि चहा पाजल्याशिवाय सोडीत नाही. दोघेही बाहेरचे, पण एक पाहुणा आणि दुसरा परका. आजचा आमचा विषय एवढाच आहे की, या दोघांपैकी कोणाचे हाड आपल्या भूमीवर मोडले, तर कायद्याने त्याला काय मिळते. आणि आपला माणूस पाहुणा होऊन दुसऱ्याच्या मुलुखात गेला आणि पडला, तर त्याला तिकडे काय मिळते.

आधी लोणारच्याच पाहुण्याची गोष्ट घेऊ. समजा, कोणी जर्मन बाई सरोवराच्या कड्यावरून खाली उतरत असता पाय घसरून पडली आणि मांडीचे हाड मोडले. तिला सरकारकडून आपोआप काय मिळेल? काही नाही. कोणाची हयगय होती असे तिला वाटले तर दिवाणी दावा लावावा, हयगय सिद्ध करावी, आणि निकालाची वाट पाहत बसावे. प्रवासाचा विमा उतरवून आली असेल तर तिचे नशीब.

परंतु तीच बाई मेहकरच्या फाट्यावर उभी असता तिला ट्रकने धडक दिली, तर चित्र एकदम पालटते. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम १६६ प्रमाणे तिला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे अर्ज करता येतो, आणि त्या कलमात अर्जदार भारताचा नागरिक असावा असा एक शब्दही नाही. अपघातात जखमी झालेली व्यक्ती, एवढेच तेथे पुरते. चूक सिद्ध न करताही कलम १६४ खाली मृत्यूबद्दल ५ लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख मागता येतात. धडक देऊन वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तरी १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूबद्दल २ लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल ५० हजार देण्याची योजना आहे. पूर्वी हेच आकडे २५ हजार आणि साडेबारा हजार होते. आणि ५ मे २०२५ रोजी केंद्र सरकारने जी योजना काढली, तीप्रमाणे रस्त्यावरील मोटार अपघातातल्या कोणाही जखमीवर नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाखाच्या मर्यादेत, पैसे न घेता उपचार व्हावयाचे आहेत. 'कोणाही' हा शब्द लक्षात ठेवावा.

म्हणजे बाई तीच आणि हाडही तेच. कड्यावर मोडले तर रिकाम्या हाताने परत, फाट्यावर मोडले तर हक्कदार. आमच्या देशातील भरपाईचा कायदा माणसाकडे पाहत नाही, माणसाला कशाने लागले त्याच्याकडे पाहतो. मोटारीने लागले तर एक दार, आगगाडीत लागले तर दुसरे, यंत्राने लागले तर तिसरे. आणि नुसत्या निसरड्या दगडाने लागले तर दारच नाही.

आगगाडीचे नाव घेतले की आमच्या तालुक्यातील माणसाला हसू येते. खामगाव-जालना रेल्वेची वाट पाहण्यात आपल्या किती पिढ्या गेल्या! ते असो. शेगावला गाडीने येणाऱ्या भाविकांसाठी सांगतो. रेल्वे कायदा, १९८९ याच्या कलम १२४-अ प्रमाणे गाडीतून पडून प्रवासी मेला तर रेल्वेची चूक असो वा नसो, भरपाई द्यावी लागते. १ जानेवारी २०१७ पासून ती ८ लाख आहे. येथेही 'प्रवासी' म्हटले आहे, 'नागरिक' म्हटलेले नाही. मृताच्या खिशात तिकीट सापडले नाही म्हणजे सगळे संपले, असे समजू नये; वारसांनी प्रतिज्ञापत्र करून हकीकत सांगितली की ती खोटी ठरविण्याचा भार रेल्वेवर जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले आहे. रक्ताने माखलेल्या कपड्यांतून तिकीट शोधीत बसण्याची पाळी ज्यांच्यावर आली आहे, त्यांना या निकालाचे मोल कळेल.

आणि नागरिक व व्यक्ती हा भेद काही आमच्या मनाचा खेळ नव्हे. २००० साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले. हावडा स्टेशनवरील रेल्वेच्या यात्रीनिवासात बांगलादेशातून आलेल्या एका स्त्रीवर अत्याचार झाला होता. रेल्वेतर्फे एक युक्तिवाद असा झाला की, बाई परदेशी, हिला घटनेचे संरक्षण कसले? न्यायालयाने घटनेचे कलम २१ पुढे ठेवले. त्या कलमात जीविताचा हक्क 'व्यक्ती'ला दिला आहे, नुसत्या नागरिकाला नाही. तिला १० लाख रुपये देण्याचा हुकूम कायम झाला. बाबासाहेबांच्या मसुदा समितीने एक शब्द निवडला, आणि अर्धशतकानंतर एका परक्या बाईच्या कामी तो आला.

आता आम्ही आमच्या खऱ्या कामाकडे वळतो. गोऱ्या पाहुण्याची काळजी घ्यावयास त्याचा वकिलातीचा माणूस आहे, विमा आहे. ज्याची काळजी घ्यावयास कोणी नाही असा परदेशी आमच्या तालुक्यात वेगळाच आहे. तो रस्त्याच्या कामावर आहे, गिट्टीच्या क्रशरवर आहे, रात्री शिट्टी वाजवीत गल्लीत फिरतो तो आहे. कोणी बिहारचा, कोणी झारखंडचा, आणि कोणी खरोखरच परराष्ट्राचा, म्हणजे नेपाळचा.

२०१४ सालची गोष्ट सांगतो. सांगताना मान खाली जाते, पण सांगणे भाग आहे. आमच्या भागातील एका क्रशरवर एक नेपाळी गडी होता. वय तीस. पगार महिना ९ हजार. पट्ट्यात अडकलेला दगड काढावयास गेला आणि उजव्या हाताचा अंगठा मुळापासून गेला. ठेकेदाराने त्याला दवाखान्यात नेले, टाके घालून आणले, हे त्याच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. चौथ्या दिवशी आम्हांला बातमी लागली. आम्ही गेलो तेव्हा गडी पत्र्याच्या खोलीत भिंतीला टेकून बसला होता, हात उंच धरून. खाली केला की ठणका लागे.

आम्ही ठेकेदाराला म्हटले, "याची भरपाई?"

तो म्हणाला, "भाऊ, तुम्ही कायले डोकं लावता? तो काय आपल्या देशाचा हाय का? त्याले ना आधार, ना राशनकार्ड. दवाखान्याचा खर्च म्या केला, वरून अकरा हजार देतो, गाडीचं तिकीट काढून देतो. गावचा असता तर गोष्ट येगळी."

तो आम्हांला फसवीत होता असे आम्हांला आजही वाटत नाही. त्याला खरोखरच तसे वाटत होते. आणि लाजिरवाणी गोष्ट ही की, वीस वर्षे युनियनचे काम करून आम्हांलाही थोडेफार तसेच वाटत होते! आम्ही गड्याला विचारले, "केस करायची का?" त्याने विचारले, "किती दिवस लागतील, भाऊ?" आम्ही म्हटले, "वर्ष, दीड वर्ष. तारखांना इथं राहावं लागेल." तो हसला. एका हाताने तो कोठे राहणार आणि काय खाणार? दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर लिहिलेल्या 'माझी काही तक्रार नाही' या चार ओळींखाली त्याने डाव्या हाताचा अंगठा उठविला, अकरा हजार घेतले आणि गेला.

आता तो हिशेब ऐका. त्या वेळी लागू असलेला कायदा म्हणजे १९२३ चा, ज्याला आधी कामगार नुकसानभरपाई कायदा म्हणत आणि २०१० पासून कर्मचारी नुकसानभरपाई कायदा म्हणू लागले. तो कायदा सांगतो की, कायमचे संपूर्ण अपंगत्व आले तर मासिक वेतनाच्या ६० टक्क्यांना वयाच्या गुणकाने गुणावे. त्या वेळी वेतन कितीही असले तरी हिशेबाला ८ हजारच धरीत. ३ जानेवारी २०२० पासून ही मर्यादा १५ हजार झाली. आठ हजाराचे ६० टक्के म्हणजे ४,८००. तिसाव्या वर्षाचा गुणक २०७.९८. गुणाकार झाला ९ लाख ९८ हजार ३०४. कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात प्रत्येक अवयवाचा भाव लिहून ठेवला आहे. अंगठ्याचा ३० टक्के. म्हणजे त्या गड्याचे निघत होते २ लाख ९९ हजार ४९१ रुपये. उपचाराचा खरा खर्च मालकाने वेगळा द्यावयाचा. महिन्याच्या आत रक्कम दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि कारण नसता उशीर केला तर निम्म्यापर्यंत दंड.

तीन लाख, आणि हातात पडले अकरा हजार.

कायद्यात कामगाराची व्याख्या आम्ही नंतर पुन्हा पुन्हा वाचली. देश, धर्म, आधार, राशनकार्ड, कशाचा उल्लेख नाही. तो 'माझी तक्रार नाही' वाला कागदही कलम १७ प्रमाणे कवडीमोलाचा होता. आपला हक्क सोडून देण्याचा करार कामगाराने केला तरी तो रद्दबातल. आपसात तडजोड झाली तरी ती आयुक्तापुढे नोंदवावी लागते, आणि रक्कम फार कमी वाटली तर आयुक्त नोंद नाकारू शकतो. आणि सर्वांत मोठा काटा हा की, आम्ही त्याला 'इथं राहावं लागेल' म्हणून सांगितले, ते धड खरे नव्हते. वकीलपत्र देऊन, जबानीपुरते येऊन काम चालले असते. कायद्यात १९९५ साली दुरुस्ती झाली आहे. अर्ज अपघात झाला तेथे करता येतो, किंवा अर्जदार जेथे राहतो तेथे करता येतो. बिहारचा मजूर आपल्या जिल्ह्यात जाऊन तेथल्या आयुक्तापुढे जानेफळच्या अपघाताचा अर्ज देऊ शकतो. हे कलम आम्ही २०१७ साली वाचले. अर्जाची मुदत दोन वर्षांची. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, परंतु माफी मागावयास अर्जदार तर हवा! त्या गड्याचा फोन बंद, आणि गावाचे नाव आम्ही विचारलेलेच नव्हते.

ठेकेदार म्हणाला होता, "तो काय आपल्या देशाचा हाय का?" या प्रश्नाला जगाने उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे. पहिल्या महायुद्धानंतर जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय मजूर संघटना उभी राहिली. तिची पहिली परिषद १९१९ साली वॉशिंग्टनला भरली. तेथे हिंदुस्थानच्या कामगारांचा प्रतिनिधी म्हणून कोण गेले होते? आपल्या कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे नारायण मल्हार जोशी. पुढच्या वर्षी आयटक स्थापन झाली, तीत त्यांचा मोठा हात होता. १९२३ साली मध्यवर्ती कायदेमंडळात भरपाईचा कायदा झाला तेव्हा ते तेथे सभासद होते. तो कायदा १ जुलै १९२४ पासून अमलात आला. त्या वेळी माणसाच्या जिवाची किंमत होती तीस महिन्यांचा पगार किंवा अडीच हजार रुपये, जे कमी असेल ते. आज हसू येते, परंतु त्याआधी गिरणीत माणूस मेला तर मालकाची चूक कोर्टात सिद्ध केल्याशिवाय विधवेला कवडीही मिळत नसे. चूक नसतानाही मालकाने द्यावयाचे, कारण जोखमीचा नफा तो घेतो, हा विचार या देशात कायद्याने प्रथम तेव्हा आणला.

आणि लगेच, १९२५ साली, जिनिव्हात एक करार झाला, क्रमांक १९. त्याचा मतलब एवढाच की, करार मान्य करणाऱ्या देशांनी एकमेकांच्या कामगारांना अपघाताची भरपाई आपल्या स्वतःच्या कामगारांसारखीच द्यावी, आणि तुमच्याच देशात राहिले पाहिजे अशी अट घालू नये. हिंदुस्थानने हा करार ३० सप्टेंबर १९२७ रोजी मान्य केला. स्वराज्य यावयाला वीस वर्षे होती, रेडिओ घरोघर नव्हता, आणि तेव्हा हे ठरून गेले होते! १९६४ साली सामाजिक सुरक्षेतील समान वागणुकीचा करारही आपण मान्य केला. एवढे असून २०१४ साली आमच्या तालुक्यात ठेकेदाराला, गड्याला आणि युनियनवाल्याला, तिघांनाही त्याचा पत्ता नव्हता. ठेकेदाराचे आणि गड्याचे सोडा, आमचे काय?

बंधूंनो, दूर कशाला, आपल्याच जिल्ह्यातील रस्ता पाहा. समृद्धी महामार्गाचे काम चालू असता २० ऑगस्ट २०२१ रोजी सिंदखेडराजा तालुक्यात, दुसरबीड-तढेगावच्या बाजूस, लोखंडी सळया आणि वर मजूर अशी भरलेली टिप्पर उलटली. तेरा मजूर सळयांखाली गेले. बहुतेक सगळे दुसऱ्या राज्यांतून आलेले. पुढे १ जुलै २०२३ च्या रात्री त्याच महामार्गावर पिंपळखुट्याजवळ नागपूरहून पुण्याकडे जाणारी बस जळाली. पंचवीस माणसे गेली. त्यानंतर महिन्याने शहापूर तालुक्यात सरलांबे येथे त्याच महामार्गाच्या पुलावर यंत्र कोसळून वीस जण मेले.

अशा वेळी सरकार मदत जाहीर करते. बसच्या अपघातात राज्य सरकारने पाच-पाच लाख जाहीर केले, पंतप्रधान निधीतून दोन-दोन लाख. ते चांगलेच केले, आम्ही त्याला नावे ठेवीत नाही. परंतु त्याला 'सानुग्रह' म्हणतात, म्हणजे कृपेने दिलेले. आणि लोकांचा समज होतो की, पैसे मिळाले, विषय संपला. विषय तेथे सुरू होतो. कृपेची रक्कम घेतल्याने हक्काची रक्कम बुडत नाही. टिप्परवरील मजुराच्या विधवेला दोन वाटा होत्या: मोटार न्यायाधिकरणाकडे जाणे, किंवा कामावरचा अपघात म्हणून आयुक्ताकडे जाणे. दोहोंपैकी एक निवडावी लागते, दोन्ही नाही. पंधरा हजार वेतन आणि तीस वर्षे वय धरले, तर मृत्यूबद्दल वेतनाच्या निम्म्याला त्याच २०७.९८ ने गुणावयाचे. साडेसात हजार गुणिले तेवढे, म्हणजे १५ लाख ५९ हजार ८५०. ठेकेदाराने हात वर केले तर ज्याचे काम चालू होते त्या मूळ मालकाकडूनही ते वसूल करता येतात.

पैसे वेळेवर मिळतात का, हे मात्र आम्हांला विचारू नका. धाराशिवकडील एका साखर कारखान्याचा पहारेकरी २००३ साली पहाटेच्या पाळीला निघाला असता वाटेत अपघातात गेला. आयुक्ताने विधवेला सव्वातीन लाखांवर रक्कम दिली, वरच्या न्यायालयात ती गेली, आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये ती परत दिली. घरून कामावर जाताना झालेला अपघात हा, कामाशी त्याचा संबंध दिसत असेल तर, कामावरचाच अपघात, असा तो निकाल आहे. निकाल सोन्यासारखा आहे. बावीस वर्षांनी आला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने चार श्रमसंहिता लागू केल्या, आणि १९२३ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. जाताना-येतानाच्या अपघाताची गोष्ट त्या संहितेत लिहूनच टाकली आहे, ही चांगली बाब. त्या संहितांबद्दल आमच्या संघटनेचे बरेच म्हणणे आहे, परंतु ते येथे काढले तर चालक मंडळी दिवे मालवतील. हिशेबाची रीत तीच राहिली आहे, आणि तारखेआधीच्या अपघातांना जुनाच कायदा लागतो, एवढे सांगून पुढे जातो.

आता नाण्याची दुसरी बाजू. आमची माणसे पाहुणी होऊन जातात तेथे काय? आपल्या गावांतली पोरे शिकून पुण्याला गेली, पुण्याहून परदेशी गेली. नातू झाला की आईवडिलांना बोलावणे येते. वयाच्या पासष्टीला विमानात बसून ती माणसे अशा घरात जातात, जेथे जिना लाकडी, फरशी ओली, आणि बाहेर बर्फ.

न्यूझीलंडमध्ये कोणी गेले असेल तर तेथली तऱ्हा जगावेगळी आहे. तेथे १९६७ साली न्यायमूर्ती वुडहाऊस यांच्या आयोगाने एक अहवाल दिला, आणि त्यावरून झालेला कायदा १ एप्रिल १९७४ पासून सुरू झाला. अपघात कोठे झाला, कोणाची चूक, हे विचारावयाचे नाही. घरात पडा, रस्त्यावर पडा, खेळताना पडा. उपचाराचा बहुतेक खर्च एका सरकारी महामंडळाने करावयाचा. त्याचे पैसे मालकांकडून, पगारातून, पेट्रोलवरील पट्टीतून येतात. आणि ही सोय देशात आलेल्या पाहुण्यालाही आहे. म्हणजे जानेफळच्या आजीबाई ऑकलंडला अंगणात पाय घसरून पडल्या आणि खुबा मोडला, तर त्या तेथल्या आजीबाईंच्याच रांगेत. आम्ही मघाशी लोणारच्या जर्मन बाईंचे सांगितले, ते मनाशी ताडून पाहा.

परंतु त्यातही बारीक अक्षरे आहेत, आणि बारीक अक्षरे वाचणे हाच आमचा धंदा. अपघातच हवा, आजारीपण, जुने गुडघे, छातीतली कळ यांना तेथे काही नाही. विमानातून उतरत असता पाय मुरगळला तर पाहुण्याला ही सोय नाही. बुडालेला रोजगार तेथे कमावणाऱ्याचाच भरून देतात. जानेफळच्या दुकानाचे झालेले नुकसान ते देत नाहीत. आणि या सोयीच्या बदल्यात दुखापतीच्या भरपाईसाठी कोर्टात दावा लावण्याचा हक्क जातो. ९ डिसेंबर २०१९ रोजी तेथील व्हाइट आयलंडवर ज्वालामुखी फुटला तेव्हा बेटावर सत्तेचाळीस माणसे होती, बहुतेक परदेशी प्रवासी, बावीस मेली. भाजलेल्यांचे उपचार त्या सरकारी व्यवस्थेने केले, पण तिकडच्या कोर्टात भरपाईचा साधा दावा लावण्याची वाट त्यांना बंद होती. चांगल्या गोष्टीलाही किंमत असते. आम्हांला विचाराल तर आम्ही ती किंमत देऊ. वीस वर्षे कोर्टाच्या व्हरांड्यात बसलेला माणूस दुसरे काय म्हणणार?

अमेरिकेत असे काही नाही. तेथे विम्याशिवाय आईवडिलांना पाठवू नये, आणि विम्यात 'आधीपासूनचा आजार' या सदराखाली काय वगळले आहे ते मुलाकडून मराठीत समजावून घ्यावे. आखाती देशांत मजुरीला जाणाऱ्यांपैकी ज्यांच्या पासपोर्टला परवानगी लागते, त्यांना प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांना २७५, तीन वर्षांना ३७५ रुपये, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला १० लाख. एजंट पैसे घेतो आणि पॉलिसीचा कागद देत नाही. तो कागद घरी, आईच्या पेटीत ठेवावा. कारण माणूस तिकडे गेल्यावर उपयोग घरच्यांनाच व्हावयाचा असतो. आणि भारतात नोंदलेल्या कंपनीने कामाला परदेशी पाठविले असेल, तर आपला १९२३ चा कायदाही त्याच्या पाठोपाठ जात असे. कलम १५-ब तेवढ्यासाठीच होते.

एक प्रकरण सांगून आटोपते घेतो. अमेरिकेत राहणारा एक मूळचा भारतीय डॉक्टर येथे आला असता मोटार अपघातात गेला. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या कुटुंबाच्या भरपाईचा निकाल दिला. मिळकत डॉलरची धरली. परंतु एवढ्या मोठ्या मिळकतीला येथला नेहमीचा गुणक लावला तर रक्कम या देशाच्या मानाने फारच वाढते, म्हणून गुणक उतरवून दहा केला. या निकालावर आम्ही पुष्कळ विचार केला. त्या डॉक्टरच्या मुलांच्या बाजूने पाहिले तर गुणक उतरविणे बरोबर वाटत नाही. बाप तर पुरता गेला. आणि आमच्या क्रशरच्या बाजूने पाहिले तर असे वाटते की, कोर्टाला मोठ्या माणसाचा गुणक किती लावावा याची चिंता करावी लागते, आणि लहान माणसाचा गुणाकार मांडलाच जात नाही. या दोन्ही गोष्टी आमच्या मनात एकदमच राहतात. तुमच्यातील वकील मंडळींनी त्यांचा मेळ घालून दाखविला तर उपकार होतील.

आता कामापुरते सांगतो. रस्त्यात कोणी जखमी पडलेला दिसला तर उचलून दवाखान्यात नेण्यास भिऊ नये. कलम १३४-अ प्रमाणे मदत करणाऱ्यावर खटला भरता येत नाही आणि त्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसांत अपघाताची नोंद त्याच दिवशी करावी. मोटार अपघाताचा अर्ज सहा महिन्यांच्या आत द्यावा. १ एप्रिल २०२२ पासून ही मुदत पुन्हा आली आहे. कामावरचा अपघात असेल तर हजेरीपटाच्या पानाचा फोटो काढून ठेवावा, कारण ते पान दुसऱ्या दिवशी तेथे असेलच असे नाही. हजेरीपट नसेल तर ज्या दुकानातून गडी उधार किराणा घेत होता त्या दुकानदाराची वही चालते. आम्ही एका प्रकरणात तीच पुढे केली आणि ती मानली गेली.

आमच्या कचेरीत २०१७ पासून आम्ही एक वही ठेवली आहे. बाहेरून कोणी गडी कामाला आला की त्याचे नाव, बापाचे नाव, गाव, पोलीस ठाणे, घरचा एक फोन आणि मुकादमाचे नाव तीत लिहून घेतो. सुरुवातीला ठेकेदार रागावत. आता दोघे-तिघे स्वतःच गडी पाठवून देतात. अपघात झाला तर घरच्यांना कळवावयाला पत्ता त्यांनाही लागतोच. वहीच्या पहिल्या पानावर आम्ही त्या नेपाळी गड्याचे नाव लिहिले आहे. गावाचा रकाना कोरा आहे. आपल्यापैकी कोणाकडे त्या सुमारास पहाऱ्याला किंवा हॉटेलात नेपाळी माणसे असतील, आणि त्यांना तो माहीत असेल, तर आम्हांला येऊन सांगावे. कचेरी बाजाराच्या दिवशी संध्याकाळपर्यंत उघडी असते.

कोणाला काही विचारावयाचे असेल तर आता विचारावे. ज्यांनी कागद बरोबर आणले आहेत त्यांनी इकडे दिव्याजवळ यावे, आमचा चष्मा आता जुना झाला आहे.